जुनी वस्ती विकली जात असताना तिची आठवण भिंतीवर रंगवावी का?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आमच्या वस्तीतली जुनी घरं एकेक करून विकली जात आहेत. भाडी वाढलीत, निम्मी कुटुंबं गेली. उरलेल्या आम्हा काही जणांना कोपऱ्यावरच्या मोठ्या भिंतीवर वस्तीची गोष्ट रंगवायची आहे. पण आमच्यातलेच काही तरुण म्हणतात, असं चित्र झालं की फोटो काढायला लोक येतात, मागोमाग भारी दुकानं येतात आणि आपण आणखी लवकर बाहेर पडतो. चित्र काढावं का? काढलं तर चेहरे कुणाचे? आणि जे निघून गेले त्यांचं काय?’

चोवीस वर्षं मी भिंती रंगवते आहे. त्यांतल्या बऱ्याच भिंती आज नाहीत. काही पडल्या, काहींवर मालकाने दुसरा रंग मारला, आणि एक तर मीच माझ्या हाताने पांढरी केली. तिची गोष्ट पुढे सांगते. तेव्हा ‘काढा हो, छान होईल’ असं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. काढू नका असंही मी म्हणत नाही.

आधी तरुणांच्या भीतीबद्दल. ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली लंडनच्या कामगार वस्त्यांबद्दल लिहिताना वापरला. त्यांचं म्हणणं असं होतं की बऱ्या पगाराची माणसं एकेक घर घेत जातात, आणि हे एकदा सुरू झालं की मूळचे बहुतेक रहिवासी बाहेर पडेपर्यंत थांबत नाही. त्या हकिकतीत भित्तिचित्रं कुठेच नाहीत, कारण त्यासाठी चित्रं लागत नाहीत. भाडेकरार संपतात, रस्ता रुंद होतो, बँक कर्ज द्यायला लागते, मालकाची पुढची पिढी जागा काढायचं ठरवते. एवढं पुरतं. तुमच्याकडे निम्मी कुटुंबं गेलीत ती चित्र नसतानाच गेलीत, हे तरुणांना जरूर सांगा.

पण त्यांचं म्हणणं पुरतं खोडूनही काढता येत नाही. मायामीच्या विनवुड भागात जुन्या वखारी होत्या. २००९ मध्ये टोनी गोल्डमन या विकासकाने तिथल्या भिंती देशोदेशीच्या चित्रकारांना खुल्या करून दिल्या. तिथे चित्रं हीच पुढच्या बांधकामाची जाहिरात होती आणि ते कुणी लपवलंही नाही. म्हणून मी पहिला प्रश्न विचारते तो ‘चित्र कसलं?’ हा नसतो. मी विचारते, चित्रकाराला फोन कुणी केला? वस्तीने केला की रिकाम्या होत चाललेल्या इमारतीच्या मालकाने? मालकाकडून आलेल्या फोनमध्ये ‘काहीतरी आनंदी, रंगीबेरंगी, वादग्रस्त नको’ अशी वाक्यं असतील तर माझे कान टवकारतात.

असा एक फोन मी एकदा घेतला होता. भिंत मोठी, पैसे वेळेवर, आणि मालक बोलायला गोड. मला वाटलं, भिंत त्याची असेना, चेहरे तर वस्तीतल्या माणसांचेच काढते आहे. अकरा माणसं काढली. त्यांच्या घरी बसून रेखाटनं केली, त्यांना दाखवली, त्यांनी सुचवलेले बदल केले. साडेतीन वर्षांनी त्याच भिंतीचा फोटो एका विक्रीपत्रकाच्या मुखपृष्ठावर पाहिला. खाली ओळ होती, वस्तीला स्वतःचा चेहरा आहे अशा अर्थाची. अकरापैकी दोनच घरं तेव्हा तिथे उरली होती. करारात ‘चित्रात बदल करण्याचा हक्क चित्रकाराकडे’ असं एक वाक्य होतं. मालकाने ते कदाचित वाचलंच नव्हतं. मी त्या दोन घरांत गेले आणि विचारलं, पुसू का? एकाने ताबडतोब हो म्हटलं. दुसऱ्या घरातली बाई म्हणाली, ‘आई आहे त्यात.’ तिची आई मधल्या काळात वारली होती. मी बाकी सगळं पांढरं केलं आणि आईचा तेवढा चेहरा ठेवला. आठवड्याभरात मालकाने तोही झाकला. माझं बरोबर होतं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

असं करणारी मी एकटी नाही. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात ब्लू नावाने काम करणाऱ्या इटालियन चित्रकाराची दोन प्रचंड चित्रं होती, २००७-०८ च्या सुमारास काढलेली. ती इतकी गाजली की शहराची ओळख बनून पोस्टकार्डांवर गेली. समोरच्या मोकळ्या जागेवर बांधकाम येऊ घातलं, आणि डिसेंबर २०१४ मध्ये चित्रकाराच्या संमतीने ती एका रात्रीत काळ्या रंगाने झाकली गेली. नव्या घरांच्या खिडकीतून दिसणारा ‘देखावा’ म्हणून त्यांनी उरायला नकार दिला. धाडस मोठं होतं यात शंका नाही. पण ती चित्रं एका चित्रकाराची होती, त्यामुळे निर्णय त्याला घेता आला. वस्तीची आठवण रंगवलेली असते तेव्हा पुसण्याचा अधिकार कुणाचा, हे इतकं सोपं उरत नाही. माझ्या त्या बाईला विचारा.

म्हणजे तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: ही आठवण कुणाच्या ताब्यात राहणार? भिंतीचा मालक असतो, त्याच्याकडे कागद असतो. चित्राचा चित्रकार असतो, त्याच्या बाजूने थोडाफार कायदा असतो. आठवण ज्यांची असते त्यांच्या हातात मात्र काहीच नसतं. माझी सगळी खटपट आता रंग लावण्याआधी त्यांच्या हाती काहीतरी देण्यासाठी चालते.

कायद्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण या बाबतीत लोक फार भाबडे असतात. न्यूयॉर्कमध्ये ‘फाइव्ह पॉइंट्झ’ नावाची जुनी कारखान्याची इमारत होती. मालकाच्या परवानगीनेच चित्रकार तिच्यावर वर्षानुवर्षं काम करत होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत ती पांढरी केली आणि नंतर पाडून तिथे उंच इमारती उभ्या केल्या. अमेरिकेत १९९० चा दृश्यकलावंतांच्या हक्कांचा कायदा आहे. त्यानुसार भिंतीवरून काढता येण्यासारखं काम हलवायला मालकाने चित्रकाराला ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. चित्रकार कोर्टात गेले. २०१८ मध्ये २१ चित्रकारांना ४५ चित्रांबद्दल ६७.५ लाख डॉलर मंजूर झाले आणि २०२० मध्ये वरच्या न्यायालयानेही ते कायम ठेवले. चित्रकारांच्या जगात याचा मोठा जल्लोष झाला, मीही त्यात होते. पण पैसे मिळाले ते चित्रकारांना. शेजारी राहणाऱ्यांच्या बाजूने त्या कायद्यात एक ओळ नाही.

भारतात कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ आहे; आपल्या कलाकृतीची मोडतोड झाली तर निर्मात्याला त्याखाली दाद मागता येते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये भिंतीवरून उतरवून गोदामात टाकलं गेलं, त्यात त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले भाग त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये वास्तुरचनाकार राज रेवाल यांचा, त्यांनी रचलेली दिल्लीची ‘हॉल ऑफ नेशन्स’ ही प्रदर्शनाची इमारत पाडल्याबद्दलचा दावा मात्र फेटाळला. जमीन आणि इमारत ज्याची, त्याचा हक्क तिथे वरचढ ठरला. तुमची भिंत यातल्या कोणत्या निकालाच्या जवळ जाते, ते वकिलाला विचारा. मी रंगारीण आहे. पण दोन्ही निकालांत बोलणारा माणूस निर्माता आहे, वस्ती कुठेच नाही, एवढं माझ्यासारखीलाही वाचता येतं.

म्हणून वस्तीला करारात घुसवावं लागतं. मी हल्ली तीन पक्षांचा करार करते: मालक, चित्रकार आणि वस्तीतल्या पाच-सात जणांची समिती. फार जडजंबाल नको, दोन पानं पुरतात. भिंत विकायची किंवा पाडायची ठरली तर समितीला किती दिवस आधी कळवायचं हे त्यात असतं. मी ९० दिवस लिहिते, मालक ३० वर येतो, ६० वर मिटतं. चित्राचा फोटो जागेच्या विक्रीच्या जाहिरातीत वापरायचा नाही, हे एक वाक्य मी त्या विक्रीपत्रकानंतर घालू लागले. आणि मालक बदलला तर नव्या मालकाला हा करार दाखवणं जुन्यावर बंधनकारक. तो नव्यावर आपोआप लागू होईलच असं नाही, हे जागेच्या कायद्यावर अवलंबून असतं. पण कागद असला की निदान बोलायला बसता येतं. कागदाशिवाय मालक फोनसुद्धा उचलत नाही.

वस्तीने भिंतीवर खरोखर ताबा मिळवला याचं माझं आवडतं उदाहरण सॅन दिएगोच्या चिकानो पार्कचं आहे. ते जरा सावकाश सांगते, कारण लोक फक्त खांबांवरची चित्रं पाहतात आणि क्रम विसरतात. लोगन हाइट्स ही मेक्सिकन वंशाच्या लोकांची जुनी वस्ती. १९६० च्या दशकात तिच्या मधून महामार्ग गेला, मग कोरोनाडो पूल आला, तो १९६९ मध्ये खुला झाला. घरं गेली, डोक्यावर काँक्रीट आलं. पुलाखाली बाग देऊ असं आश्वासन होतं. २२ एप्रिल १९७० ला लोकांनी पाहिलं तर तिथे बुलडोझर उभे, आणि बागेऐवजी महामार्ग पोलिसांची चौकी होणार होती. लोक जागेवर जाऊन बसले, बारा दिवस हलले नाहीत, स्वतःच झाडं लावायला लागले. जागा मिळाली. खांबांवर रंग चढायला लागला तो १९७३ पासून. आधी जमीन, मग तीन वर्षांनी चित्र. खांब आजही सरकारी खात्याचे आहेत, पण कुठे काय रंगवायचं, जुनं कसं दुरुस्त करायचं, हे वस्तीची समिती ठरवते आणि ती समिती पन्नास वर्षं टिकली आहे. २०१६ मध्ये त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तिथली चित्रं सुंदर आहेत म्हणून ती समिती टिकली, असं मला वाटत नाही. दरवर्षी तिला काहीतरी ठरवावं लागतं, म्हणून ती टिकली.

याउलट शिकागोच्या पिल्सन भागातली ‘कासा अस्तलान’ची गोष्ट. ते वस्तीचं केंद्र होतं, दर्शनी भिंतीवर रे पातलान यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेली चित्रं होती. इमारत विकली गेली, तिथे भाड्याची घरं होणार ठरलं, आणि २०१७ मध्ये चित्रांवर रंग मारला गेला. वस्तीने एवढा गदारोळ केला की विकासकाने त्याच पातलान यांना बोलावून नवं चित्र काढून घेतलं. लढाई जिंकली म्हणायची का? भिंतीवर चित्र परत आलं, आतलं केंद्र परत आलं नाही. मला तिथल्या लोकांना नावं ठेवायची नाहीत, चित्र परत आलं हे चांगलंच झालं. पण ‘चित्र राहू दे’ एवढीच मागणी मालकाला फार स्वस्त पडते, हे तुम्ही ध्यानात ठेवावं.

मग तुम्ही काय करावं? किती वेळ आहे यावर ते अवलंबून आहे. भिंतीचं घर सहा महिन्यांत पडणार असेल तर भिंतीचा नाद सोडा आणि जो वेळ आहे तो सगळा आठवणी गोळा करण्यात घाला. पाच-सात वर्षं हाताशी असतील तर चित्र जरूर काढा, पण निम्मे कष्ट ब्रश हातात घेण्याआधी झाले पाहिजेत.

आठवण गोळा करणं म्हणजे माइक पुढे धरून ‘सांगा तुमच्या आठवणी’ म्हणणं नव्हे. त्यातून सगळ्यांच्या तोंडून तेच ते येतं: पूर्वी फार एकोपा होता, दारं उघडी असायची. खरं असेलही, पण त्याचं चित्र होत नाही. काढायला गेलं की हात जोडलेली माणसं, उगवता सूर्य आणि कबुतर. असं चित्र कुठल्याही वस्तीत खपतं, म्हणून विक्रीपत्रकातही खपतं. मी वस्तीचा हाताने काढलेला मोठा नकाशा जमिनीवर पसरते, चादरीएवढा, आणि विचारते: इथे आधी काय होतं? सालं विचारायची नाहीत. सालं विचारली की माणसं परीक्षेला बसल्यासारखी गप्प होतात. जागा विचारली की भांडायला लागतात, आणि मला ते भांडणच हवं असतं.

एका ठिकाणी विहिरीवरून असा वाद झाला. ती बुजवलेली होती. चार म्हातारे म्हणत ती शाळेच्या भिंतीला लागून होती, तीन बायका म्हणत नाही, पलीकडे, उताराच्या टोकाला. दोन आठवडे कुणी मागे हटेना. शेवटी एका आजीने सांगितलं की तिच्या घरच्यांना शाळेजवळच्या विहिरीवर येऊच देत नसत, त्यांची वेगळी होती. विहिरी दोन होत्या आणि दोन्हीकडच्या लोकांना आपली तेवढी आठवत होती. चित्रात आम्ही दोन्ही काढल्या आणि मधला रस्ता मोकळा ठेवला. नकाशावर बसलेल्या काही जणांना हे मुळीच आवडलं नाही. ‘वाईट गोष्टी कशाला?’ असं म्हणणारे भेटतातच. मी त्यांना एवढंच म्हणते की बाहेरच्या माणसाला न कळणारा असा एक तरी तपशील चित्रात हवा, जो तुम्हा सगळ्यांना कळतो. तो वस्तीचा खासगी दरवाजा.

आता चेहरे. इथे शिकागोच्याच ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’चा इतिहास कामाला येतो. १९६७ मध्ये कृष्णवर्णीय चित्रकारांच्या गटाने शहराच्या दक्षिण भागातल्या एका जुन्या इमारतीवर आपले नायक रंगवले: गायक, खेळाडू, नेते, लेखक. कुणाला घ्यायचं यावर वस्तीतल्या लोकांशी चर्चा झाल्या. लोक त्या कोपऱ्यावर जमायचे, भाषणं व्हायची, आणि पुढे अमेरिकाभर वस्त्यावस्त्यांतून जी भित्तिचित्रं निघाली त्यांची सुरुवात बहुतेक जण या भिंतीपासून धरतात. पण काही भाग मूळ चित्रकाराला न विचारता पांढरे करून नव्याने रंगवले गेले, त्यावरून गटात फूट पडली. १९७१ मध्ये इमारतीला आग लागली आणि ती पाडली गेली. उणीपुरी चार वर्षं. नायकांच्या त्या भिंतीतून मी दोन गोष्टी उचलल्या: चेहरा कुणाचा हे चार लोकांत ठरवा, आणि पुढे बदलायचा असेल तर कसा बदलायचा तेही आधीच लिहून ठेवा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर जिवंत माणसांचे चेहरे ओळखू येतील असे शक्यतो काढू नका. भाडेकरूचं मालकाशी प्रकरण चालू असतं, मुलीचं लग्न ठरत असतं, कुणाचं कुणाशी वाकडं आलेलं असतं. गेलेल्या माणसाचा चेहरा काढायचा असेल तर घरातल्या सगळ्यांना विचारा, जो सर्वांत मोठ्याने हो म्हणतो त्यालाच नव्हे. एका घरात बापाने हो म्हटलं होतं. आईला रोज नळावर जाताना मुलाचा चेहरा समोर येणार होता, आणि ते तिला नको होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. त्यानंतर मी हातांवर आले. हात, पाठमोरी माणसं, चपलांच्या रांगा, खिडकीतल्या वस्तू. पाठमोरा माणूस घरच्यांना चालीवरून ओळखता येतो. परक्याला तो नुसता माणूस.

भिंतीच्या तब्येतीबद्दल फार लांबवत नाही. पावसाळा संपल्यावर तळहाताएवढा नव्हे, चांगला दोन फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर चिकटवा. दिवसभराने आतून दव धरलं असेल तर भिंत ओली आहे. लोणा लागलेली असेल तर कितीही भारी रंग द्या, पोपडे सुटणारच. आधी गळका पाइप आणि वरचं छत बघा. माझी सर्वांत महागडी चूक एका सांडपाण्याच्या पाइपची होती, चित्रात नदी होती आणि पाइप बरोबर तिच्यावरच फुटला. लोक हसले, मी नाही. नवा गिलावा चार आठवडे वाळू द्या. तांबडा-पिवळा रंग हवा तिथे गेरू आणि पिवडीच्या जातीचे, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचे रंग घ्या, भडक स्वस्त लाल उन्हात दोन-तीन वर्षांत गुलाबी पडतो. खनिज, म्हणजे चुन्याच्या किंवा सिमेंटच्या, गिलाव्यावर सिलिकेट रंग (गिलाव्याशी एकजीव होणारा) सर्वांत टिकतो, तो जर्मनीत केइम यांनी १८७८ मध्ये सिद्ध केला. पण जुन्या ऑइलपेंटवर किंवा ॲक्रिलिकवर तो धरत नाही.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे जागेची शाश्वती नसेल तर भिंतीवर थेट रंगवूच नका. सिमेंटच्या पत्र्यासारख्या सपाट बोर्डांवर रंगवा आणि ते बोल्टने चौकटीवर बसवा, मागे दोन बोटं हवा खेळू द्या. भिंत गेली तर बोर्ड उतरवून नेता येतात. ते जोड दिसतात, वाऱ्याचा विचार करावा लागतो, खर्चही वाढतो. फिलाडेल्फियात १९८४ पासून चालू असलेल्या भित्तिचित्र उपक्रमात पॅराशूटच्या कापडासारखं पातळ कापड वापरतात: आधी हॉलमध्ये बसून तुकड्यातुकड्याने रंगवायचं, मग भिंतीवर डकवायचं. ते पुन्हा सहज निघत नाही. पण परांचीवर चढू न शकणारी आजी, चाकाच्या खुर्चीतला मुलगा, यांनाही रंगवता येतं, आणि माझ्या लेखी हा फायदा फार मोठा आहे. किंवा एक मोठी भिंत सोडून वीस छोट्या घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातली बाल्मी ॲली ही गल्ली घरांच्या मागच्या दारांवर, कुंपणांवर रंगवलेली आहे, १९७२ पासून. प्रत्येक तुकड्याचा घरवाला वेगळा. एकाने घर विकलं तरी सगळी गल्ली एका रात्रीत पांढरी होत नाही.

शेवटचा हिस्सा नोंदीचा, आणि लोक कंटाळतात तोही इथेच. १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये दिएगो रिव्हेरा यांचं भित्तिचित्र अर्ध्यात थांबवलं गेलं, त्यात लेनिनचा चेहरा होता म्हणून. फेब्रुवारी १९३४ मध्ये ते फोडून टाकलं. रिव्हेरांनी तेच चित्र त्याच वर्षी मेक्सिको सिटीत पुन्हा उभं केलं, आणि त्यासाठी उपयोगी पडले ते त्यांच्या मदतनीस लुसिएन ब्लॉक यांनी घाईघाईने चोरून काढलेले फोटो. तुम्हाला चोरून काढायची गरज नाही. चित्र पूर्ण झालं की ढगाळ दिवशी समोरून, एकमेकांवर थोडे चढणारे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी आणि रंगांची पट्टी ठेवून. कोणत्या भागाला कोणता रंग कोणत्या डब्यातून, ते वहीत लिहा. नकाशाची चादर जपून ठेवा. मुलाखतींच्या फाइली तीन वेगळ्या घरांत ठेवा, त्यातलं एक घर वस्तीबाहेरचं असू द्या. आणि प्रत्येक बोलणाऱ्याकडून लिहून घ्या की हे कुणाला ऐकवायचं आणि कुणाला नाही. उद्या कुणी संशोधक किंवा विकासकाचा जाहिरातवाला येऊन मागेल, तेव्हा ‘समितीला विचारा’ म्हणता आलं पाहिजे. आठवणीचा ताबा म्हणतात तो हाच, बाकी त्याला वेगळा मुहूर्त लागत नाही.

तुमच्या तरुणांना समितीत घ्या, निम्मे तरी. ते विरोध करताहेत म्हणजे भाड्याचे आकडे त्यांना तुमच्यापेक्षा नीट माहीत आहेत. भाडेकरूंच्या बैठकीची तारीख चित्राच्या खाली खडूने लिहिण्यासाठी हातभर काळा पट्टा सोडा, ही युक्ती मला अशाच एका चिडलेल्या मुलाने सुचवली. विक्रीपत्रकासाठी फोटो काढणाऱ्याला तो पट्टा फार नडतो.

राहिले निघून गेलेले. माझा अनुभव असा की चित्रासाठी सर्वांत लांबून तेच येतात आणि सर्वांत जास्त वेळ थांबतात. पण बोलावणं कसं जातं यावर बरंच आहे. ‘आपल्या वस्तीचं चित्र होतंय, या’ असा निरोप पाठवला तर त्यांना ते समारंभाचं आमंत्रण वाटतं, आणि जिथून घालवलं गेलं तिथे समारंभाला कोण जातं? त्यापेक्षा त्यांच्यासाठी काम ठेवा. कापडावर रंगवत असाल तर त्यांच्या गल्लीचा तुकडा त्यांच्या आत्ताच्या घरी पाठवा, तिथे रंगवून परत येऊ द्या. बोर्ड असतील तर त्यांच्या दारापुरता बोर्ड कोरा ठेवा. एकाने आमच्याकडे तो शेवटपर्यंत रंगवला नाही. आला, बघितला, म्हणाला राहू दे असाच. तो कोरा बोर्ड अजून तसाच आहे आणि मुलं त्याला त्या माणसाच्या नावाने ओळखतात.

आणि फोन कराल तेव्हा चित्राचं नंतर बोला. आधी विचारा, तुमच्या दाराचा रंग कोणता होता?